इटलीत उन्हाळी साहित्याचा कोर्स शिकवायला जाताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी साहित्य शिकवते आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन फ्लोरेन्सला जाते. पुण्या-मुंबईतले प्राध्यापक मित्र, इकडे नव्याने नोकरीला लागलेली मराठी मंडळी, त्यांच्या ओळखीतले कुणी, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. उत्तरं फ्लोरेन्स डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. रोम किंवा व्हेनिसला तपशील बदलतील.

हा नेमका प्रकार काय असतो?

अमेरिकन विद्यापीठ आपलेच विद्यार्थी आणि आपलाच शिक्षक चार ते सहा आठवडे परदेशी पाठवतं. सहसा एक कोर्स, तीन क्रेडिट. काही विद्यापीठांची तिथे स्वतःची वास्तू असते. न्यूयॉर्क विद्यापीठाला तर हॅरल्ड ॲक्टन या लेखकाने १९९४ साली मरताना आपला व्हिला ला पिएत्रा, बागेसकट आणि संग्रहासकट, देऊन टाकला. बाकीचे गावात चार खोल्या भाड्याने घेतात. तुमच्या वाट्याला बहुधा चार खोल्या येतील, आणि त्यातल्या एकीचा पंखा आवाज करत असेल.

प्रस्ताव साधारण वर्ष-दीड वर्ष आधी द्यावा लागतो. पुरेसे विद्यार्थी जमले नाहीत तर कोर्स रद्द होतो, आणि हे बरेचदा वसंतात कळतं. त्यामुळे विमानाचं न परतणारं तिकीट हौसेने आधी काढून ठेवू नका.

मी भारतातल्या कॉलेजात शिकवते. मला जाता येईल का?

येईल, पण वाट वेगळी. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत शिक्षकांनाही पाठवतात. भारतातली संस्था त्यात बसते, मात्र तुमचं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ यांच्यात आधी करार झालेला लागतो. मुक्काम ५ दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत, आणि आठवड्याला किमान ८ तास शिकवण्याची अट. म्हणजे सुरुवात जाहिराती शोधण्यापासून नको, स्वतःच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात जाऊन ‘इटलीत कुणाशी करार आहे?’ हे विचारण्यापासून करा. पुष्कळदा करार झालेला असतो आणि विभागात कुणाला पत्ता नसतो.

इटालियन यायला हवं का?

शिकवण्यासाठी नाही, कोर्स इंग्रजीतून असतो. औषधाच्या दुकानात, पोलिसांत आणि घरमालकाशी मात्र लागतं. जाण्याआधी तीन महिने रोज थोडं थोडं शिका. दुकानात शिरताना तोंडातून ‘बुऑनजोर्नो’ न निघणारा माणूस तिथे उद्धट समजला जातो, एवढं विद्यार्थ्यांनाही पहिल्याच दिवशी सांगा.

व्हिसाचं काय?

इथे घाई आणि आळस दोन्ही नडतात. इटली शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अमेरिकन पासपोर्ट असेल तर तेवढ्या मुक्कामाला आधी व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर लागतो, खिशात ग्रीनकार्ड असलं तरी लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; पहिल्याच आठवड्यात अपॉइंटमेंटच्या मागे लागा. सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. पगार देणारी संस्था देशाबाहेरची असली तरी तुम्ही तिथे शिकवणार आहात, तेव्हा व्हिसा कुठल्या प्रकारचा मागायचा हे संस्थेकडून लेखी घ्या. ‘टुरिस्ट लिहून टाका, कोण बघतंय’ असा सल्ला देणारे भेटतील. ते तुमच्याबरोबर विमानतळावर उभे नसतात.

वर्गात भारतीय, चिनी किंवा नायजेरियन पासपोर्टची मुलं असतील तर त्यांच्याकडे जातीने लक्ष द्या. त्यांना शेंगेन व्हिसा तर लागतोच, शिवाय अमेरिकेत परत शिरायला आय-२० वर (विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याला देतं त्या कागदावर) प्रवासाची ताजी सही लागते आणि अमेरिकन व्हिसाही चालू हवा. परदेशी कोर्सची माहितीपत्रकं अमेरिकन पासपोर्ट गृहीत धरून लिहिलेली असतात. नेमकी हीच मुलं मे महिन्यात गळतात, आणि त्यांनी हप्ता भरलेला असतो.

किती पुस्तकं लावू?

घरी सोळा आठवड्यांत शिकवता त्याच्या निम्मीसुद्धा नकोत. तरीही लोक जास्त लावतात, कारण कोर्स समितीला यादी भरघोस दिसावी लागते. समितीला दाखवायची तेवढी दाखवा, पण आठवड्याला एकच मोठा मजकूर ठेवा. पुस्तकं निवडताना आणखी एक चाळणी लावा: पायी किंवा एका बसमध्ये पोहोचता येईल असं काही त्या पुस्तकात आहे का?

मी साधारण असं घेते. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’तला ‘नरक’ निवडक, ‘स्वर्गा’तला एखादा सर्ग. बोकाच्चोच्या ‘डेकॅमेरॉन’ची प्रस्तावना आणि शंभरांतल्या दहा-बारा गोष्टी. मॅकियाव्हेलीने १० डिसेंबर १५१३ ला मित्राला लिहिलेलं पत्र. मग एकदम उडी मारून इंग्रज: एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या कविता आणि फॉर्स्टरची १९०८ सालची ‘अ रूम विथ अ व्ह्यू’. फॉर्स्टर मला सोडवत नाही. फ्लोरेन्समधल्या इंग्रज पाहुण्यांची एवढी टोपी उडवणारा हा माणूस पुढे १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा, म्हणजे एका मराठा दरबाराचा, खाजगी चिटणीस झाला. परक्या घरात पाहुणा म्हणून वावरताना माणूस कसा हास्यास्पद होतो, हे त्याने दोन्हीकडे पाहिलं.

कमी शिकवल्याबद्दल मनाला खात असेल तर बोकाच्चोकडे बघा. १३७३ मध्ये फ्लोरेन्सच्या नगरशासनाने त्याला दान्तेवर जाहीर व्याख्यानं द्यायला नेमलं. या गावात दान्ते शिकवायला पगारी नेमलेला पहिला मास्तर तो. तब्येतीने साथ सोडली आणि गाडी ‘नरका’च्या सतराव्या सर्गाशी थांबली. अभ्यासक्रम त्याचाही पुरा झाला नाही.

दान्ते घ्यायलाच हवा का? मुलं घाबरतात.

घ्या. न घेता परत आलात तर घरी विचारतील. पण पूर्ण नको, आणि एका बाजूला इटालियन, समोर इंग्रजी अशी आवृत्ती लावा. अर्थ कळला नाही तरी तीन-तीन ओळींची यमकं कशी एकमेकींत अडकतात हे डोळ्यांना दिसतं. तिथल्या एखाद्या माणसाला दहा ओळी म्हणायला सांगा. शाळेत पाठ केलेल्या असतात, सांगितल्या की लाजत लाजत सुरू होतात आणि मग थांबत नाहीत.

जागेवर नेऊन नेमकं करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात, आणि कोर्स चांगला होणं-न होणं यावरच ठरतं.

चुकीची पद्धत सर्रास दिसते. वर्ग चौकात उभा, मास्तर छत्री उंचावून ‘हे बघा, इथेच’ म्हणतोय, मुलं फोटो काढताहेत. अशा वेळी जागा पुस्तकाचा पुरावा म्हणून हजर केली जाते. पुस्तक खरं आहे हे सिद्ध झालं, चला पुढे. साहित्याच्या वर्गात याचा उपयोग शून्य. जागा पुस्तकाशी जुळत नाही, तिथेच थांबायचं. मुलं आपोआप बोलायला लागतात.

उदाहरण सांता क्रोचे या चर्चचं. आत दान्तेचं भलंमोठं स्मारक आहे, १९ व्या शतकातलं, आणि ते रिकामं आहे. फ्लोरेन्सने त्याला १३०२ मध्ये हद्दपार केलं, सापडला तर जिवंत जाळायचा हुकूम काढला. १३२१ मध्ये तो रावेन्नात वारला आणि तिथेच पुरला गेला. पुढे फ्लोरेन्सला पश्चात्ताप झाला. १५१९ मध्ये पोपकडून अस्थी आणायची परवानगी मिळवली, अर्जावर मायकेलॅन्जेलोचीही सही होती. माणसं रावेन्नाला पोहोचली तर थडगं रिकामं! तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी भिंतीला भोक पाडून अस्थी आधीच पळवल्या होत्या. त्या सापडल्या १८६५ साली, एका लाकडी पेटीत. रावेन्नाने त्या अजून दिलेल्या नाहीत, आणि थडग्यावरच्या दिव्याला तेल दरवर्षी सप्टेंबरात फ्लोरेन्सने न्यायचं अशी रीत आहे. फ्लोरेन्सच्या नगरसभेने शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला तो २००८ मध्ये.

आता हे सगळं मी स्मारकापुढे उभी राहून सांगत नाही. मुलांना फक्त विचारते, ‘आत कोण आहे?’ आणि उत्तर शोधून आणायला दोन दिवस देते. तिसऱ्या दिवशी वर्ग बिनपाठांतराचा होतो. हद्दपारी हा शब्द त्या पोरांना तोवर परीक्षेपुरता ठाऊक असतो. मग जमलं तर एक दिवस रावेन्ना. बोलोन्याला गाडी बदलून जाता येतं, आणि थडगं इतकं छोटं आहे की मुलं ‘बस्स, एवढंच?’ म्हणतात. तो प्रश्नही वर्गात घ्या.

दुसरं उदाहरण पावाचं. टस्कनीत पावात मीठ घालत नाहीत. पहिल्या रात्री मुलं पाव चावून एकमेकांकडे बघतात, कुणीतरी वेटरला मीठ मागतं, वेटर खांदे उडवतो. त्यांना त्या वेळी काही सांगू नका. दोन आठवड्यांनी ‘स्वर्गा’चा सतरावा सर्ग काढा. तिथे दान्तेचा पूर्वज त्याला भविष्य सांगतो: परक्याचा पाव किती खारट लागतो ते तुला कळेल. घरच्या अळणी पावावर वाढलेल्या माणसासाठी लिहिलेली ती ओळ आहे. वर्गातलं एक तरी मूल मान वर करून बघतं.

बाकी नियम साधे. मजकूर आदल्या रात्री वाचून यायचा, जागेवर फक्त दहा ओळी मोठ्याने. एका फेरीत एकच जागा. शक्य तर बसायला पायऱ्या असाव्यात.

‘डेकॅमेरॉन’ कुठे शिकवायचं?

सांता मारिया नोव्हेलात, रेल्वे स्टेशनच्या समोर. १३४८ च्या प्लेगात एका मंगळवारी सकाळी सात तरुणी या चर्चमध्ये भेटतात, तिथे तीन तरुण येतात आणि दहा जणं गाव सोडून टेकडीवरच्या वाड्यात जातात. मुलांना मी विचारते: गावात माणसं मरत असताना बागेत बसून गोष्टी सांगणं हे पळपुटेपण का? कोविडात शाळा घरून केलेली ही पिढी आहे, ती या प्रश्नावर भांडते. नंतर ७ नंबरच्या बसने फिएसोलेला चढा आणि उरलेलं भांडण वरच्या वाऱ्यात पुरं करा.

म्युझियममध्ये शिकवू देतात का?

इटलीत गाइडचा परवाना हा गंभीर मामला आहे. स्वतःच्या नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना शिकवणारा शिक्षक आणि पर्यटक फिरवणारा गाइड यांतला फरक दारावरच्या माणसाला पटवून द्यावा लागतो. संस्थेच्या लेटरहेडवर इटालियनमध्ये पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी जवळ बाळगा. गटाचं बुकिंग आधी करा. उफित्सी आणि अकादेमिया सोमवारी बंद. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, म्हणून त्या दिवशी वर्ग नेऊ नये.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बॅगेत दोन-चार जास्तीच्या ओढण्या ठेवा, मुलींपेक्षा मुलांनाच लागतात.

मुलं अभ्यास करतात?

सोमवार ते गुरुवार करतात. गुरुवारी दुपारी त्यांच्या सॅक भरलेल्या असतात आणि रविवारी रात्री ती स्प्लिटहून नाहीतर बार्सेलोनाहून परततात. लढण्यात अर्थ नाही. गुरुवारचा वर्ग लवकर संपवा, सोमवारचा सक्तीचा ठेवा. वर्गाची वेळ सकाळी नऊ. दुपारी दोनला दान्ते घेतलात तर नरक कोणता हे वेगळं सांगावं लागणार नाही.

दारूचा मुद्दा पहिल्या बैठकीतच काढा. अमेरिकेत वय २१, इटलीत १८. एकोणीस वर्षांचं पोर पहिल्या आठवड्यात स्वातंत्र्यसैनिक होतं. आणीबाणीचा नंबर ११२. रात्री दोनला फोन वाजेल हे धरून चाला, आणि विद्यापीठाचा आणीबाणीचा नंबर झोपेतही सापडेल असा भिंतीला चिकटवा.

मार्क कशावर द्यायचे?

मोठा शोधनिबंध मागू नका. हॉटेलच्या वायफायवर रात्री तीनला लिहिलेलं, किंवा यंत्राने लिहून दिलेलं, वाचायला मिळेल. मी एक चौक निवडायला लावते. त्याच चौकात सकाळी, दुपारी आणि रात्री बसायचं, हाताने वहीत टिपायचं, आणि शेवटी त्यावर वाचलेल्या लेखकांपैकी एकाशी वाद घालणारा छोटा लेख. एकाने घरमालकिणीच्या स्वयंपाकघराची खिडकी निवडली होती. चौक नव्हता, पण मी मार्क कापले नाहीत.

उन्हाळा सोसतो का?

नागपूरकरांनी हसू नये. फ्लोरेन्स वाटीसारखं डोंगरांत बसलेलं, जुलैत ३५ अंशांच्या वर सहज जातं, आणि जुन्या घरांत एसी असेलच असं नाही. घर घेताना ‘एसी आहे का’ एवढंच विचारू नका, कुठल्या खोलीत आहे ते विचारा. डासही आहेत. माझं मत स्पष्ट आहे: मे अखेर ते जून अखेर हीच मुदत मागा. २ जूनला प्रजासत्ताक दिन आणि २४ जूनला गावदेव संत जॉनचा सण, त्या रात्री आर्नोवर आतषबाजी. हे दोन दिवस वेळापत्रकातून आधीच वगळा. प्यायचं पाणी विकत घेऊ नका. पालात्सो वेक्योच्या बाजूला सार्वजनिक नळ आहे, साधं आणि सोड्याचं दोन्ही मिळतं.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

नाही. पास्ता-पिझ्झा आहेच, पण टस्कनीचं गरिबाघरचं जेवण मुळातच भाज्या, घेवडे आणि शिळा पाव यांवर उभं आहे. रिबोल्लिता, पाप्पा अल पोमोदोरो, उन्हाळ्यात गार पान्झानेल्ला. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात तीच वृत्ती. फक्त ‘मांस नको’ एवढं सांगून थांबू नका, कारण पान्चेत्ताचे (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे) तुकडे कित्येकांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवायचं द्रव्य) असतं, कडक पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कणकेच्या पोळीची फार आठवण आली तर स्टेशनच्या आसपास दक्षिण आशियाई किराणा मिळतो. कॉफी बारपाशी उभं राहून प्या, टेबलाशी बसलं की भाव चढतो.

पैसे सुटतात का?

श्रीमंत होणार नाही. कुठे उन्हाळी कोर्सचा नेहमीचा पगार, वर विमान आणि घर मिळतं. कुठे फक्त घर. विद्यार्थ्यांना एखाद्या संध्याकाळी जेवायला घालायचा खर्च कुणाच्या खात्यावर, आणि एखादं मूल इस्पितळात गेलं तर बरोबर कोण थांबणार, हे दोन प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारा. माणूस पगाराची घासाघीस करतो आणि हे विसरतो.

मराठी माणसाने फ्लोरेन्समध्ये मुद्दाम पाहावं असं काही?

आहे, आणि बहुतेकांना माहीत नसतं. कासिने नावाचं लांबच लांब उद्यान आर्नोच्या काठाने पश्चिमेला जातं. त्याच्या पार शेवटी, मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. विलायतेचा दौरा करून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते फ्लोरेन्समध्ये वारले, वय विशीच्या आसपास. इटलीत तेव्हा दहनाची चाल नव्हती, पण खास परवानगी मिळाली आणि दोन पाण्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. स्मारक १८७४ चं: पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने बांधला तोच मँट. जवळच्या मोठ्या पुलाला आज ‘पोन्ते अल्ल’इन्दियानो’ म्हणतात. त्यावरून रोज गाडी हाकणाऱ्या किती जणांना तो ‘इन्दियानो’ कोण हे ठाऊक असेल, शंका आहे.

मी हे कोर्समध्येच घेते. महाराजांची त्या प्रवासातली इंग्रजी रोजनिशी १८७२ साली लंडनला छापली गेली. संपादन कॅप्टन वेस्ट या त्यांच्याबरोबरच्या इंग्रज अधिकाऱ्याचं. फॉर्स्टरच्या कादंबरीत इंग्रज इटली पाहतात, इथे एक हिंदुस्थानी राजा इंग्लंड पाहतो, तेही आपली वही एक इंग्रज नीटनेटकी करणार आहे अशा अवस्थेत. कुठे महाराज बोलतात आणि कुठे संपादक, यावर मुलं तासभर वाद घालतात. अमेरिकन मुलांना कोल्हापूर नकाशावर दाखवावं लागतं. ते मी आनंदाने दाखवते.

जाताना टोपी आणि पाणी घ्या. ट्रामने उद्यानाच्या गावाकडच्या टोकाला उतरलात तर पुढे तीनेक किलोमीटर चाल आहे.

रोमला एक दिवस न्यावं का?

वेगवान गाडीने दीड तास लागतो, त्यामुळे मोह होतो. कलोसियमच्या नादी लागलात तर दिवस रांगेत जाईल. फक्त इंग्रज कवी कीट्सचा दिवस करा: सकाळी स्पॅनिश पायऱ्यांलगतचं घर, जिथे तो २३ फेब्रुवारी १८२१ ला गेला, आणि दुपारी तेस्ताच्योचं कॅथलिकेतरांचं कब्रस्तान. कीट्सच्या दगडावर त्याचं नाव नाही. तिथेच कवी शेलीची राख आहे आणि पलीकडे इटालियन विचारवंत ग्राम्शी. मांजरं पुष्कळ. वेगवान गाडीला ठरलेली जागा असते. साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट मात्र चढण्याआधी यंत्रात ठसवावं लागतं, नाहीतर दंड. ‘शोपेरो’ म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो, म्हणून आदल्या रात्री बातम्या बघा.

घरच्यांना बोलवू का?

कोर्स चालू असताना नको. मुलं तुमच्यावर, घरचे तुमच्यावर, आणि तुम्ही फॉर्म भरताय. संपल्यावरचा आठवडा ठेवा. फक्त तो १५ ऑगस्टच्या आसपास येऊ देऊ नका. त्या दिवशी फेरागोस्तोची सुट्टी असते, अर्धं गाव समुद्रावर जातं आणि कोपऱ्यावरचा बेकरीवालासुद्धा दाराला चिठ्ठी लावून गायब होतो.